आबांची ओटी

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी माझ्या सासऱ्यांच्या आजोबांची ओटी भरली.

हिरव्या बांगड्या, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कशात म्हणून कमी केलं नाही. आजोबा तेव्हा हयात नव्हते, एवढीच काय ती जमेची बाजू! असते तर त्या बांगड्या त्यांनी माझ्याच अंगावर भिरकावल्या असत्या, कारण त्यांच्या रागाची आणि मिशांची आठवण गावात अजून काढली जायची. आणि त्या मिशाच तर मी घालवून बसले होते! पण असं मधूनच सांगून उपयोग नाही, नीट पहिल्यापासून सांगते.

माझं माहेर डहाणू गावातलं, सासर झाईचं. झाई म्हणजे आमच्या मुलखाचं शेवटचं टोक, त्यापुढे गुजरात. तेव्हा नुकतीच दोन राज्यं वेगळी झाली होती आणि मामंजींना (म्हणजे माझ्या सासऱ्यांना) ती वाटणी मुळीच पटली नव्हती. त्यांचा पिढीजात सोनार छगनभाई उंबरगावचा, तो पलीकडे गेला. "मी इथेच ओटीवर बसलोय आणि माझा सोनार परमुलखात!" असं ते येईल त्याला ऐकवायचे. घराभोवती चिकूची वाडी, कडेने नारळ, मागे वांग्यामिरच्यांचे वाफे आणि खाजणाच्या (खाऱ्या दलदलीच्या) अंगाला भातशेती. घर हसतंखेळतं होतं, आणि मी त्यात नवी नवरी. सगळ्यांना खूष करायची भयंकर हौस होती मला. त्या हौसेनेच घात केला.

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे दोन टाक होते. टाक म्हणजे तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर देवाची आकृती उठवलेली आणि मागे तांब्याची पाठ. एक टाक कुलदेवीचा, दुसरा आबांचा. आबा म्हणजे हेच ते मामंजींचे आजोबा. पूर्वी भरतीचं खारं पाणी शेतात शिरायचं. ह्या माणसाने कमरेएवढ्या चिखलात उभं राहून बांध घातला आणि बांधामागे वाडी उभी केली. म्हणून ते गेल्यावर त्यांचा टाक करून देवीशेजारी बसवला. आता माणूस देव झाला म्हणून त्याच्या आवडीनिवडी थोड्याच सुटतात? घरात शुभकार्य निघालं की आबांना द्रोणभर ताडी, भाजलेला सुका बोंबील आणि चिमूटभर तंबाखू लागे. नाही दिली तर आबा मांडव पाडतात, अशी त्यांची ख्याती. (एकदा कुणाच्या तरी लग्नात पडला होता म्हणे. त्या दिवशी वादळी वारा होता, एवढं मात्र सांगणारे सोयीने गाळायचे.)

देवीचं सगळं याच्या उलट. तिला गोडाचा नैवेद्य, खणानारळाची ओटी, आणि माशाचा तर वाससुद्धा वर्ज्य. आबांचा बोंबील आणताना देवीपुढे केळीचं पान आडवं धरायची पद्धत होती, तिला दिसू नये म्हणून. त्यात ते दिवस दारूबंदीचे. नीरा चालायची, ताडी चालायची नाही. मामंजी कायद्याला मानणारे, त्यामुळे ते सकाळी माडीवाल्याकडून शुद्ध नीराच आणायचे आणि उन्हात झाकून ठेवायचे. दुपारपर्यंत तिचं जे काय व्हायचं ते सूर्यामुळे. त्यात मामंजींचा काही हात नसे.

त्या वर्षी माझ्या नणंदेची, कुमुदवन्संची, सोयरीक वेवजीच्या एका घराशी जुळत आली होती. घर चांगलं, भातशेतीवालं. मुलगा वन्संनी महालक्ष्मीच्या जत्रेत लांबून पाहिला होता आणि तेव्हापासून त्यांचं चित्त भाकरीवर नव्हतं. अडचण एकच होती, मुलाची आई. वेवजीच्या काकूंची पद्धत अशी, की आधी मुलीच्या घरच्या देवीची ओटी भरायची, देवी हातात घेऊन कपाळाला लावायची, आणि सगळं मनासारखं असलं तरच साखर तोंडात घालायची. देव्हारा दक्षिणेला तोंड करून आहे म्हणून एका घरातून त्या चहा न पिताच उठल्या होत्या. दुसऱ्या एका घरात समईची वात वाकडी होती, तिथे तर त्या बसल्याच नाहीत!

"वहिनी," कुमुदवन्सं मला म्हणाल्या, "हे जमलं नाही ना, तर मी लग्नच करणार नाही. जन्मभर इथेच राहीन. तुझ्याच खोलीत!"

माझी खोली कोनाड्याएवढी होती. मी त्याच क्षणी कंबर कसली.

काकू यायच्या आदल्या सकाळी सासूबाईंना नारळाच्या सोडणांच्या, म्हणजे सालींच्या, ढिगात विंचू चावला. उजवा हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. देव उजळायचं काम नेहमी त्यांचं, ते माझ्याकडे आलं. खाटेवरून त्यांनी बजावलं, "हलक्या हाताने घास हो. जुने देव आहेत."

"तुम्ही काळजीच करू नका, आई," मी म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा तेव्हा समोरच्याने काळजी करायला हवी होती. माहेरी माझ्या हातची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध होती. शेजारणी मुद्दाम हंडा बघायला यायच्या. मी चिंच घेतली, राख घेतली, आणि देव नुसते उजळून काय उपयोग, लखलखले पाहिजेत, म्हणून किनाऱ्यावरची बारीक वाळूही घेतली! (ही माझ्या माहेरची युक्ती. हंड्यांसाठी होती, पण त्या उत्साहात ते कोण लक्षात ठेवतं?) वन्संच्या सुखासाठी मी असा काही जोर लावला की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. टाक धुतले, चिकू वाळवायच्या चटईवर उन्हात ठेवले, आणि पदराने घाम पुसत कौतुकाने पाहायला वाकले.

देवीची नथ नव्हती. नाकही नव्हतं. तिच्या बाजूला आबांच्या मिशा नव्हत्या. खरं म्हणजे 'तिच्या बाजूला' असं म्हणण्यातही अर्थ नव्हता, कारण ती कोण आणि ते कोण हेच कळत नव्हतं. चटईवर दोन गुळगुळीत चांदीचे चौकोन ऊन खात पडले होते. दोन्हींत माझाच चेहरा दिसत होता, तोंड उघडं पडलेला.

मी धावत वाडीत गेले. हे झाडावर होते, चिकू उतरवत.

"अहो, खाली या! देवी कुठल्या बाजूला बसते?"

"डावीकडे," हे वरूनच म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे? आपल्या की देवीच्या?"

"मी डोळे मिटून नमस्कार करतो," झाडावरून उत्तर आलं.

"आणि समजा आता डावंउजवंसुद्धा राहिलं नसेल तर?"

हे खाली उतरले. चटईपाशी येऊन त्यांनी दोन्ही टाक बघितले, एकदा माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिला आधीच विंचू चावलाय."

तेवढ्यात मागच्या दाराने भानूमावशी आली. ही झाईचीच मासेवाली, आबांचा बोंबील दरवेळी तीच आणायची. लपवायला वेळ मिळाला नाही. तिने पाटी उतरवली, टाक पाहिले आणि तोंडावर हात नेला.

"अगो बाय माझे! देवाला काय झालं गो?"

"घासले," मी म्हणाले.

"घासले का खाल्ले?"

मी रडायला लागले तशी तिला दया आली. म्हणाली, "रडू नको. आपण कौल लावू. देव काय आपलं नाव सांगायला लाजतो होय?"

कौल लावणं म्हणजे देवाला ओल्या फुलाची पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही. मी दोन्ही टाक भिंतीला टेकून उभे केले. मावशीने जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि पहिल्या टाकाला विचारलं, "आई, तू देवी हायस का?"

पाकळी उजवीकडून पडली. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. मावशीने खात्रीसाठी दुसऱ्याला विचारलं, "मंग तू पन देवी हायस का?"

पाकळी उजवीकडून पडली!

"आबा कोण?" ह्यांनी घाईघाईने विचारलं. दोन्ही टाकांवरच्या नव्या पाकळ्या प्रश्न संपायच्या आत घसरल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा घसरल्या. मी टाक इतके गुळगुळीत केले होते की त्यांच्यावर पाकळीच काय, माशीसुद्धा बसली नसती. मावशीने शेवटी हार मानली. बोंबील काढून दिले आणि जाताना म्हणाली, "मी काय पाहिलं नाय. पन पोरी, आबाला चिडवू नको. लई तापट मानूस."

आता उरला एकच उपाय, वजन. दोन्ही टाक दोन तळहातांवर घेतले. एक किंचित जड लागला.

"आबा कसे होते अंगाने?" मी ह्यांना विचारलं.

"काटकुळे. चिखलात राबणारा माणूस, त्याच्या अंगावर काय असणार?"

"मग हलका तो आबा," मी निकाल दिला. माणसाच्या वजनाचा आणि त्याच्या टाकाच्या वजनाचा काहीएक संबंध नसतो, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. जड टाकाला हळदकुंकू वाहिलं, हलक्याला गंध लावलं आणि मी देव्हाऱ्याला हात जोडून म्हणाले, चुकलं असेल तर माझ्यावर रागवा, वन्संवर नको.

दुसऱ्या दिवशी वेवजीच्या काकू आल्या. अंगापिंडाने भक्कम, नऊवारी कडक, नजर त्याहून कडक. आल्या आल्या त्यांनी देव्हाऱ्याची दिशा पाहिली, समईची वात पाहिली, कोपऱ्यातलं जाळंही शोधलं. (नव्हतं. मी होते ना!) मग टाकांवर नजर गेली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगबाई! किती लखलखीत!"

दाराआडून कुमुदवन्संनी माझा दंड आनंदाने इतका चिमटला की तो हिरवानिळा झाला.

घरची सून म्हणून पहिली ओटी मी भरली. मग काकूंनी भरली, अगदी साग्रसंगीत. खण उलगडून टाकाला पांघरला, समोर हिरव्या बांगड्या मांडल्या, वर वेणी वाहिली. मग केळीचं पान आडवं धरून दुसऱ्या टाकापुढे मामंजींनी ताडीचा द्रोण, बोंबील आणि तंबाखू ठेवली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं! आता सासूबाईंनी देवी उचलून काकूंच्या ओंजळीत द्यायची, काकूंनी ती कपाळाला लावायची, की सोयरीक पक्की. सासूबाई तापातून उठून आल्या होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून त्यांनी डाव्या हाताने खणासकट टाक उचलला.

आणि त्यांचा अंगठा टाकाच्या पाठीवर थांबला.

तो हळूच मागे गेला, पुढे आला, पुन्हा त्याच जागी थांबला. सासूबाईंनी वर पाहिलं ते थेट माझ्याकडे. त्या नजरेने मला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या हातात आबा होते! खण पांघरलेले, वेणी माळलेले, पुढ्यात हिरव्या बांगड्या. आणि तिकडे केळीच्या पानाआड आमची सोवळी देवी ताडीच्या द्रोणापुढे बसली होती, शेजारी बोंबील आणि तंबाखू. दाराआडून वन्संचा श्वास ऐकू येत होता. सासूबाईंनी एक शब्द वावगा काढला असता तर वेवजीच्या काकू साखरेला हात न लावता बसस्टँडवर दिसल्या असत्या.

"काय झालं?" काकूंनी विचारलंच. "थांबलात का?"

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, दाराआडच्या लेकीकडे पाहिलं. मग खोटं देवासमोरच बोलायचं असल्याने त्यांनी आधी देवाला नमस्कार केला.

"काही नाही हो. हे आमचे आबा. आमच्यात आधी आबांची ओटी भरतात."

मामंजींचं तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"पुरुषाची ओटी?" काकूंच्या भुवया केसांना जाऊन भिडल्या.

"खारी जमीन पोटाशी धरून त्यांनी हिरवी केली. आईहून वेगळं काय केलं त्यांनी? म्हणून पहिला मान त्यांचा. वाडीचा पहिला हिरवा रंग, म्हणून ह्या हिरव्या बांगड्या."

मी थक्क होऊन ऐकत होते. तापात माणूस बरळतो हे माहीत होतं, पण असं मुद्देसूद?

"आणि देवीपुढे ताडी? बोंबील?" काकू सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"ती आई ना? लेकराचं ताट आई आधी चाखून बघते. देवीने चाखल्याशिवाय आबा घेत नाहीत."

काकूंनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा देवीकडे. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "किती जुनं वळण सांभाळलंय तुम्ही! आमच्याकडे हे सगळं बुडालं हो," त्या म्हणाल्या, आबांना कपाळाला लावलं, देवीलाही लावलं, आणि साखरेची चांगली मूठभर चिमूट तोंडात टाकली.

काकू गेल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मी पाय धरायच्या बेतानेच गेले.

"घासायला सांगितलं होतं गं, सोलायला नव्हतं!"

"आई, चुकले. पण तुम्ही ओळखलंत कसं?"

त्यांनी आबांचा टाक पालथा करून माझा अंगठा त्यावर ठेवला. तांब्याच्या पाठीला एक खोलगट पोचा होता. "तुझे मामंजी लहान असताना त्यांनी देव्हाऱ्यातून हा टाक उचलला आणि त्याने जंगली बदाम फोडला. मार खाल्ला सपाटून. मी नवी होते तेव्हा माझ्या सासूने मला हा पोचा दाखवला, आणि सांगितलं की तोंडावर जाऊ नकोस, तोंडं काय, आज आहेत उद्या नाहीत." मग इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "देवीचे डोळे माझ्या हातून गेले होते. पहिल्याच वर्षी."

मला हसू फुटलं आणि लगेच रडूही. त्याही हसायला लागल्या, सुजलेला हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासू आणि सून चुलीपुढे बसून अशा हसताना त्या घराने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. सासूबाई मला पुढे बरीच वर्षं लाभल्या, पण त्यांची आठवण आली की मला त्या तशाच दिसतात, गळ्यात बांधलेला हात आणि हसून लाल झालेला चेहरा.

पुढे मामंजी टाक घेऊन परमुलखात छगनभाईंकडे गेले. सोबत मीही होते. छगनभाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "आ तो साव सपाट थई गया! नवा मोढा बनावी दऊं?" मामंजींनी दोन्ही टाकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नको. नव्या तोंडाने ते आम्हाला ओळखायचे नाहीत." टाक तसेच परत आले.

लग्न थाटात झालं. मांडव पडला नाही. बांगड्या बघून आबा इतके लाजले असतील की त्यांना रागवायचंच सुचलं नसेल! कुमुदवन्सं पहिल्या सणाला माहेरी आल्या तेव्हा माझ्या कानाला लागून म्हणाल्या, "वहिनी, सासूबाईंनी आमच्या घरीही सुरू केलंय. त्यांचे खापरपणजोबा! तलवारवाले! त्यांना हिरव्या बांगड्या!" काही वर्षांनी वेवजीच्या एका लग्नात एक वृद्ध गृहस्थ मलाच अर्धा तास समजावून सांगत होते, की पुरुषाची ओटी भरण्यामागे पूर्वजांनी किती खोल विचार केला आहे. मी मान डोलावत ऐकून घेतलं. ती पूर्वज म्हणजे मीच, त्यांच्यासमोर बसून लाडू खात होते, हे त्यांना कुठे माहीत?

सासूबाई गेल्या, मामंजी गेले, हेही गेले. परवा नातसुनेने देव्हारा आवरताना विचारलं, "आजी, आबांची ओटी का भरायची?" मी गंभीरपणे म्हणाले, "फार जुनं वळण आहे." मग तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि तिचा अंगठा त्या पोच्यावर ठेवला.

आणि तिला एक सांगून ठेवलंय. उद्या माझा टाक केलात तर तोंडाच्या नक्षीवर खर्च करू नका, पुढची कुणीतरी हौशी सून ते घासून काढणारच. पाठीला एक पोचा मारा म्हणजे झालं. आणि शुभकार्यात कुणी चुकून ताडीचा द्रोण माझ्यापुढे ठेवला, तर उचलायची उगाच घाई करू नका. म्हणावं, आमच्यात तसंच वळण आहे!